समोरची खुर्ची

केंद्र बंद होणार असल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वसाहतीत मनापासून आनंदलेला मनुष्य एकच होता, आणि तो मी. बाकीच्यांनी शोक केला. गेल्या दहा वर्षांत ज्यांनी त्या इमारतीत पाऊल ठेवले नव्हते, त्यांचा शोक सर्वांत मोठ्या आवाजाचा होता. त्यांनी गळक्या छपराची छायाचित्रे मोबाइलवरून एकमेकांना पाठवली आणि प्रत्येकाखाली एक रडके पिवळे तोंड चिकटवले. शोक इतका स्वस्त पूर्वी कधी मिळत नसे.

मोहोपाड्याला कारखाने आले त्या काळात आमच्या कारखान्याने कामगारांना राहायला इमारती बांधल्या, आजारी पडायला दवाखाना बांधला, आणि उरलेल्या वेळात त्यांच्या डोक्यात काही भलतेसलते येऊ नये म्हणून हे करमणूक केंद्र बांधले. लोक त्याला नुसते 'सेंटर' म्हणत. बॅडमिंटनचे सभागृह होते. त्याच्या पत्र्यातून पावसाळ्यात पाणी गळे ते नेमके जाळीखाली, दोन्ही बाजूंना समान न्याय देत. टेबल टेनिसचे टेबल होते; त्याची जाळी जाऊन तिथे विटा आल्या होत्या. रंगमंच होता, त्यावर दर गणपतीत तीच तीन मुले राक्षस होत, आणि पुढे तीच कंत्राटदार झाली. आणि सर्वांत मागे कॅरमची खोली होती. माझे वैर केवळ त्या खोलीशी होते. तिच्याबरोबर उरलेली इमारतही जमीनदोस्त होणार, याला माझा इलाज नव्हता.

या वसाहतीत मी नवरा म्हणून राहतो, हे आधी सांगितले पाहिजे. घर माझ्या पत्नीला, संध्याला मिळाले, आणि पुढे कारखान्याने ते तिलाच विकले. ती कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. मी कर्जतच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवीत असे आणि संध्याकाळी चौक गावावरून एसटीने परत येई, तेव्हा टेबलावर ताट झाकलेले असे आणि घरात कोणी नसे. संध्या कॅरम खेळायला गेलेली असे. तिला कॅरम येतो असे म्हणणे म्हणजे पाताळगंगेत पाणी आहे असे म्हणणे. कारखान्या-कारखान्यांतल्या सामन्यांतून तिने आणलेल्या ढालींनी आमच्या घरातला एक संपूर्ण फडताळ अडवले आहे. माझी पुस्तके पलंगाखाली असतात.

ज्यांनी दोघा-दोघांचा कॅरम पाहिलेला नाही त्यांना त्याची बैठक ठाऊक नसते. चार बाजूंना चार खुर्च्या. जोडीतले दोघे शेजारी बसत नाहीत; समोरासमोर बसतात. खेळ चालू असताना त्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही, असा नियम आहे. म्हणजे रोज संध्याकाळी दीड-दोन तास दोन माणसे एकमेकांच्या समोर, हातभर अंतरावर, एका दिव्याखाली, काही न बोलता बसून असतात. संसारात हा योग येत नाही. संसारात बोलायला मुभा असते, म्हणून कोणी बोलत नाही. आणि समोर बसायला दूरदर्शन संच असतो.

तीसेक वर्षे संध्याच्या समोरच्या खुर्चीवर लडकू बसत आला होता.

लडकू कारखान्यात ऑपरेटर होता. गाव नदीपलीकडचे. उंच, ढेरपोट्या, गळ्यात सोन्याची साखळी, आणि तिचे वजन तो कोणी न विचारता सांगतो. निवृत्तीनंतर त्याने दोन टेंपो घेतले. गुण मोजताना तो उघडपणे लबाडी करतो आणि पकडला गेल्यावर पकडणाऱ्याच्याच पाठीवर थाप मारतो. तो वसाहतीत राहत नसल्याने, खरे तर नोकरी संपली तेव्हाच त्याचे केंद्रातले सदस्यत्व संपले होते. तेव्हापासून तो संध्याचा 'पाहुणा' म्हणून येत असे. एवढा नेमाने येणारा पाहुणा कोणत्याही शास्त्रात अतिथी या संज्ञेस पात्र ठरत नाही, पण केंद्राच्या समितीचे शास्त्र वेगळे होते.

संध्या त्याला नावाने हाक मारते. डाव संपल्यावरची "लडकू, सरळ मारायचं ना!" ही आरोळी मी रस्त्यावरून ऐकली आहे. मला ती 'अहो' म्हणते. व्याकरणात याला केवलप्रयोगी अव्यय म्हणतात. ते वाक्यातल्या कशालाही लागू नसते.

मला संशय होता, असा समज कोणी करून घेऊ नये. संशय असता तर गोष्ट सोपी होती. संशयाला पुरावा लागतो आणि पुरावा मिळाला नाही की मनुष्य सुटतो. माझ्याजवळ होता तो शुद्ध मत्सर, आणि त्याला पुराव्याची गरजच नसते. तिथे काही घडत नाही हे मला पक्के ठाऊक होते. त्या काहीही न घडण्याचाच मला मत्सर वाटे.

तर कारखान्याने केंद्राची जमीन एका बिल्डरला विकली, आणि बिल्डरने जुन्या रहिवाशांची सभा बॅडमिंटनच्या सभागृहात बोलावली. मधोमध एका मेजावर नव्या प्रकल्पाची प्रतिकृती मांडली होती. तीन मनोरे, प्लास्टिकची झाडे, निळ्या काचेचा तरणतलाव. काठावर आगपेटीच्या काडीएवढी माणसे. त्यांच्यात पोटाचा घेर असलेले कोणी नव्हते. केंद्राच्या जागी 'क्लब हाऊस' होणार होते. बिल्डरच्या कचेरीतली समिधा नावाची तरतरीत मुलगी हातात टॅबलेट आणि ध्वनिक्षेपक घेऊन उभी होती. तिने सांगितले, की वसाहतीतल्या प्रत्येक जुन्या सदस्याला नव्या क्लबचे तहहयात सदस्यत्व विनामूल्य मिळेल, आणि त्याच्याबरोबर आणखी एका व्यक्तीला.

"आणि पाहुणे?" समितीचा सचिव विकास याने विचारले.

"पाहुणे अलाउड नाहीत सर. गेटवर कार्ड लागेल."

पहिल्याच रांगेत, वसाहतीत राहत नसतानाही, लडकू बसला होता. त्याने साखळी चाचपली.

समिधा एकेकाला उभे करून नावे टिपू लागली. संध्याची पाळी आली. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होतो.

"मॅडम, तुमच्या जोडीदाराचं नाव?"

"लडकू," संध्या म्हणाली.

सभागृहात जे हसू फुटले ते पत्र्याला जाऊन आदळले.

चूक कोणाची नव्हती, हे मी विद्यार्थ्याला समजावून सांगावे तसे स्वतःला सांगितले. मुंबईच्या त्या मुलीने इंग्रजी शब्दाला सभ्य, आधुनिक, नवरा-बायको दोघांनाही चालणारा प्रतिशब्द शोधला होता: जोडीदार. परंतु या छपराखाली त्या शब्दाला तीस वर्षे एकच अर्थ होता. सेंटरात 'तुझा जोडीदार कोण?' असे विचारले, की कोणीही आपल्या नवऱ्याचे नाव सांगत नसे. अलंकारशास्त्रात याला श्लेष म्हणतात. श्लेषाची उदाहरणे मी आयुष्यभर फळ्यावर लिहिली. उदाहरणाच्या जागी बसण्याचा प्रसंग प्रथमच आला.

"मॅडम, सर बाजूलाच बसलेत!" विकास ओरडला.

"नाव घ्या, नाव घ्या! उखाण्यात घ्या!" मागून बायका.

"उखाणा लग्नात घेतलाय एकदा," संध्या म्हणाली. ती हसत होती, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तेवढा पुरे."

लडकू वळला आणि दोन्ही हात वर करून मला म्हणाला, "सर, माज्यावर काय ढकलू नका हां! मी काय मागितलं नाय!"

"सॉरी मॅडम, मला स्पाऊस म्हणायचं होतं," समिधा म्हणाली. मग तिने टॅबलेटमध्ये पाहिले. "पण तसं कंपल्सरी नाही हं. कुणाही एकाचं नाव चालेल. फक्त नंतर बदलता येणार नाही."

मला वाटले होते, की आता संध्या माझ्याकडे वळेल, खांद्याने ढकलेल, आणि प्रकरण हशात मिटेल. ती म्हणाली, "मग मी विचार करून सांगते."

सर्वांदेखत. विचार करून.

घरी आल्यावर तिने चहा टाकला. भांडण करण्याची तिची पद्धत प्रयोगशाळेतली आहे: आवाज न चढवता ती एकेक शक्यता बाजूला काढून ठेवते.

"अहो, तुम्ही त्या क्लबात येणार आहात का?"

"प्रश्न तो नाही."

"पोहणार? जिमला जाणार?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे," मी म्हणालो. खरा शब्द लाजिरवाणा असतो तेव्हा मनुष्य तत्त्व हा शब्द वापरतो.

"लडकूला दुसरा रस्ता नाही. पाहुणा चालणार नाही म्हणाली ना ती. तुम्हाला नुसतं नाव पाहिजे. त्याला यायला पाहिजे."

"मीही येईन."

"काय करायला?"

"कॅरम खेळायला."

ती हसली. मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली, आणि गॅस बारीक केला.

"रविवारी सेंटरची शेवटची स्पर्धा आहे. लडकूसोबत नाव दिलंय, ते काढते. तुम्ही बसा माझ्यासमोर."

"आणि मग?"

"मग तुम्हीच सांगा, कुणाचं नाव द्यायचं. मी तेच देईन."

हे सौजन्य होते की सापळा, याचा मी रात्रभर ऊहापोह केला. निष्कर्ष निघाला नाही. मात्र एक गोष्ट स्वच्छ दिसली: ती खुर्ची मला मिळाली होती. तीस वर्षे मी ज्या जागेची कल्पना करीत आलो, तिथून जे काही दिसते ते आता मला दिसणार होते.

उरलेल्या दिवसांत मी सर्व गोष्टी शिकतो तसा कॅरम शिकलो, म्हणजे वाचून. नियम वाचले. कोन आणि परावर्तन यांवरचे एक प्रकरण वाचले. सोंगटी कोणत्या बिंदूवर आदळली असता कोणत्या दिशेने जाते याच्या आकृत्या काढल्या, आणि त्या निर्दोष होत्या. जेवणाच्या टेबलावर बाटलीच्या झाकणांनी सराव केला तेव्हा माझ्या बोटाची दोन नखे काळीनिळी झाली. संध्याने ती पाहिली आणि हळद लावली. काही बोलली नाही. तेही मला लागले.

रविवारी कॅरमची खोली भरून गेली होती. ज्यांचा शोक मोबाइलवर मावत नव्हता तेही आले होते. आमच्याविरुद्ध विकास आणि त्याची बायको सोनाली. लडकूला जोडीदार उरला नसल्याने तो माझ्या पाठीमागे भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या पोटाची ऊब माझ्या मानेला जाणवत होती.

मी बसलो. संध्या समोर बसली. तिने बोर्डावर पावडर टाकली, तळहाताने पसरली, आणि मान खाली घातली.

त्यानंतर तिने मान वर केली नाही.

मी वाट पाहिली. पहिल्या फटक्यानंतर पाहील. सोंगटी गेल्यावर पाहील. चुकल्यावर तरी पाहील. ती खेळत होती तेव्हा तिचे डोळे सोंगट्यांवर होते, आणि दुसरे खेळत होते तेव्हाही सोंगट्यांवरच होते. मला दिसत होता तिचा भांग. मधोमध, सरळ, थोडासा रुंद झालेला. तीस वर्षे मी ज्या दृष्टिक्षेपांचा हिशोब मांडून बसलो होतो, ज्यांच्यावरून मी अर्ध्या रात्री जागलो, त्यांचे अस्तित्वच नव्हते. समोरच्या खुर्चीवरून या बाईचा चेहरा दिसतच नाही.

या शोधाने सुटका व्हायला हवी होती. मी केवळ बावचळलो. माझ्या आकृत्या निर्दोष होत्या, पण बोटे त्यांच्याशी सहमत नव्हती. स्ट्रायकर दोनदा स्वतःच खड्ड्यात गेला.

"सर, सोंगट्या घालायच्या असतात आत," विकास म्हणाला.

"गप रे, विचार करतायत ते," सोनाली म्हणाली. "भूमिका ठरवतायत."

मग मी संपूर्ण ताकदीने एक फटका मारला आणि विकासच्या दोन काळ्या सोंगट्या एकाच वेळी दोन कोपऱ्यांत घातल्या. खोलीत शिट्ट्या वाजल्या.

"सर, तुमी नक्की कुणाकडनं हाय?" मागून लडकू.

"लडकू, बोलू नको त्यांना," संध्या खालीच पाहत म्हणाली. त्याला तिने नावाने हाक मारली; मी 'त्यांना' होतो.

आम्ही सडकून हरलो. संध्याने एकटीने जेवढे वाचवता येते तेवढे वाचवले, आणि उठताना विकासशी हात मिळवला. मला म्हणाली, "छान बसलात." सुई टोचताना न हललेल्या मुलाला डॉक्टर म्हणतात तसे.

मी बाहेर ओट्यावर आलो. लडकू मागोमाग आला आणि आपण होऊन माझ्याजवळ बसला. पराभूतांचे सांत्वन करण्यात त्याला विशेष गोडी आहे.

"मनावर नका घेऊ सर. पयल्यांदा आसंच व्हतं."

"ती मान वर करीत नाही," मी म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

"कुटं करते!" तो खो खो हसला. "आख्ख्या जिंदगीत नाय केली. आमी काय बघितलंय सांगू का, मॅडमचा निस्ता भांग. आवो, त्यात पयला पांढरा केस आला ना, तो पन मीच बघितला. म्हटलं, मॅडम, तुमच्याकडनं पन पांढरी सोंगटी आली आता! लय चिडल्या. दुसऱ्या दिवशी मेंदी लावून हजर. तवापासनं लावतायत बगा."

तो पुढे काही बोलत होता. मी ऐकत नव्हतो. महिन्यातून एका रविवारी आमच्या न्हाणीघरात वाडग्यात मेंदी भिजत असते. संध्या जुना गाऊन घालून डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून घरभर हिंडते, आणि मी वर्तमानपत्राआडून तिच्याकडे पाहून मनात थोडासा सुखावतो. ती मेंदी माझ्यासाठी असते अशी माझी समजूत होती. अशा समजुती नवरेपणासोबत आपोआप मिळतात, त्यांना कार्ड लागत नाही. आता कळले, की ती मेंदी एका ढेरपोट्या माणसाने केलेल्या एका विनोदासाठी होती. त्या विनोदात पाप नव्हते, प्रेम नव्हते, हेतू नव्हता. तो केवळ त्या खुर्चीवर बसला होता, म्हणून त्याने पाहिले. आणि मी तिच्या शेजारी झोपत होतो, म्हणून मी पाहिले नाही.

त्या क्षणी कोणीही शहाणा मनुष्य म्हणाला असता: लडकू, ती जागा तुझीच आहे. मी शहाणा असल्याची प्रमाणपत्रे माझ्याजवळ पुष्कळ आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही समिधाच्या कचेरीत गेलो. ती केंद्राच्याच जुन्या उपाहारगृहात थाटली होती. भिंतीवर अजून 'उधार मागू नये' असे लिहिलेले होते.

"हां मॅडम, ठरलं का नाव?"

संध्या माझ्याकडे वळली. "सांगा."

तिने काही सुचवले नाही, भुवई उचलली नाही, उसासा टाकला नाही. तिने शब्द दिला होता आणि तो ती पाळीत होती. तिच्या त्या शिस्तीचा मला इतका संताप आला, की दयेला जी काही फट राहिली होती ती बंद झाली.

"नवनाथ ठोंबरे," मी म्हणालो.

समिधाने टिपले. माझे छायाचित्र काढले. कार्ड तिथल्या तिथे यंत्रातून बाहेर आले, गरम, निळे, गुळगुळीत. त्यावर माझ्या चेहऱ्याखाली माझे नाव होते, आणि त्याखाली संध्याचे.

"क्लब कधीपासून?" मी विचारले.

"तिसऱ्या टॉवरचं पझेशन झालं की मेसेज येईल सर."

"म्हणजे?"

"तीन वर्षं धरा." ती गोड हसली. "मॅक्झिमम चार."

बाहेर पडल्यावर संध्या पायऱ्या उतरली. मग म्हणाली, "तुम्हाला खुर्ची पाहिजे होती, खेळ नको होता. मिळाली ना? छान." तिच्या आवाजात राग नव्हता. एखादा प्रयोग अपेक्षेप्रमाणे फसल्याची नोंद करावी तसा तो होता.

त्या आठवड्यात केंद्र रिकामे झाले. समितीने सामान वाटून टाकले. विटांसकट टेबल एका शाळेला गेले. रंगमंचाचा पडदा कोणीतरी गाडी झाकायला नेला. आणि कॅरमचा मोठा बोर्ड, त्याच्या चौपायी स्टँडसकट, लडकूने मागून घेतला. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. मी घेऊ शकलो असतो, पण मी त्या वेळी नव्या कार्डाला पाकीट शोधीत होतो.

शनिवारी संध्याकाळी टेंपो आमच्या इमारतीखाली उभा राहिला. मागे बोर्ड, दोरीने अर्धवट बांधलेला.

"मॅडम, बायजानं सांगितलंय, आमच्या ओटीवर लावू," लडकू वर पाहून ओरडला. "रोज टेंपो न्यायला यील, सोडायला यील. चला!"

बायजा म्हणजे त्याची बायको. सगळ्या वर्षांत मी तिला दोनदा पाहिले असेन. संध्या चपला घालूनच खाली उतरली. हे त्यांचे आधी ठरले होते. फोनवर, किंवा कदाचित न बोलताच.

टेंपोच्या पुढच्या भागात चालकाशेजारी एकच जागा असते. संध्या तिथे बसली.

"सर, तुमी काळजी करू नका, नवाच्या आत पोचवतो," लडकू म्हणाला.

"बोर्ड सुटलेला आहे," मी म्हणालो. "तो धरायला कोणी लागेल."

आणि वयाच्या पासष्टीत, इस्त्रीच्या पँटमध्ये, एका हाताने फळी धरून मी टेंपोच्या मागच्या भागात चढलो. मोहोपाड्याच्या बाजारातून जाताना मी त्या बोर्डाला मिठी मारून उभा होतो. ओळखीच्या एका भाजीवालीने विचारले, "सर, शिफ्टिंग का?" पुढच्या भागाच्या मागील काचेतून मला दोन माना दिसत होत्या. दोघेही रस्त्याकडे पाहत होते. एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते. कोणी भांडले असते तरी मला इतके जड गेले नसते.

लडकूच्या ओटीवर दिवा लावलेला होता. चार खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. मी येईन हे कोणी बोलले नव्हते, तरी चार. बायजा दारात उभी होती. बुटकी, नाकात नथणी, पदर कमरेला खोचलेला. तिने मला बोर्डासकट खाली उतरताना पाहिले.

"आलं का सर? मला वाटलंच, येतील."

"का वाटलं?" मी विचारले.

"तुमच्या जागी मी आले नसते?" ती म्हणाली.

तिने स्टँड उघडला, बोर्ड त्यावर ठेवला, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून पातळी साधली. लडकू आणि संध्या सवयीने समोरासमोर बसले. उरलेल्या दोन खुर्च्याही समोरासमोर होत्या. बायजाने एकीकडे बोट दाखवले.

"तुमी हिकडं. माज्यासमोर."

"बायजा, तुला कवापासनं येतं?" लडकूने विचारले.

"तू सेंटरात व्हतास तवा." ती बसली. "शेजारच्या पोरींसंगं दुपारी. इतकी वर्सं काय भाकऱ्या थापत बसले व्हते का रं?" मग माझ्याकडे वळून, आवाज न दाबता: "सर, ह्यो घरात यत नाय तं मीच म्हनाले, खेळच घरात आना. डोळ्यासमोर आसल्यालं बरं. काय?"

मी नाव मिळवले होते; या बाईने बोर्ड मिळवला होता. माझ्या पाकिटातले निळे कार्ड चार वर्षांनी कुठल्या तरी फाटकाशी चालणार होते, आणि ही ओटी आज चालू होती. इतक्या वर्षांत मला वाटत आले होते, की हा मत्सर माझ्या वाचनाने, माझ्या भाषेने, माझ्या एकांताने घडवलेली एक दुर्मिळ वस्तू आहे. तसलीच वस्तू नदीपलीकडच्या एका घरात रोज पदराला हात पुसत हिंडत होती, आणि तिने तिच्यावर उपायही काढला होता.

आणि मग मला कळले, की मी कुठे बसलो आहे. संध्या माझ्या उजव्या हाताला होती. इतकी जवळ, की तिच्या पदराचा काठ माझ्या मनगटाला लागत होता. मी तिच्याविरुद्ध खेळणार होतो.

बायजाने फोडले. दोन पांढऱ्या गेल्या. तिसरी कोपऱ्याच्या ओठावर अडली. मग लडकूचा नेम चुकला आणि स्ट्रायकर माझ्याकडे आला.

"तुमाला येतं का काय?" तिने मला विचारले.

"नाही."

"मंग ती बगा. ती उबी हाय ती. निस्ती टेकवायची. जोर नाय लावायचा, रागानं तर आजिबात नाय."

"बायजा," संध्या म्हणाली, आणि तिचा आवाज मला अनोळखी वाटला, कडक, पातळ. "खेळताना जोडीदाराशी बोलायचं नाही. नियम आहे."

"तुमच्या सेंटरात आसंल," बायजा म्हणाली. "माज्या ओटीवर बोलायचं. सर, मारा बिनधास्त."

"मॅडम बरोबर बोलतात गं," लडकू म्हणाला.

"तू त्यांच्याकडनं हायस, मंग बोलनारच."

संध्याने मान वर केली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. बायजाकडे पाहत होती, आणि मग बायजा जिकडे पाहत होती तिकडे, म्हणजे माझ्या बोटांकडे. मग तिने आपली खुर्ची माझ्यापासून वीतभर दूर सरकवली आणि स्ट्रायकरसाठी हात पुढे केला.

मी तो दिला नाही. अजून मारायचे मला होते.